शहर उभं राहिलं, मग उपास कशाचा?

बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेने जेरुसलेमचं मंदिर जाळलं, त्याला सत्तर वर्षं होत आली होती. बंदिवासातून लोक परतले होते, मंदिराचं काम पुन्हा सुरू झालं होतं, भिंती चढत होत्या. इसवी सनापूर्वी ५१८ च्या सुमाराची ही गोष्ट. बेथेलच्या लोकांनी जेरुसलेमला माणसं पाठवून तिथल्या याजकांना आणि संदेष्ट्यांना एक प्रश्न विचारला. इतकी वर्षं पाचव्या महिन्यात आम्ही रडत आलो, उपास धरत आलो. आता पुढेही धरायचा का?

जखऱ्या संदेष्ट्याने हो किंवा नाही असं सरळ उत्तर दिलंच नाही. त्याने उलट विचारलं, की ही सत्तर वर्षं तुम्ही उपास धरलात, तो देवासाठी धरलात का? आणि मग तो उपासाचा विषय सोडून भलत्याच गोष्टी बोलू लागला, असं वरवर वाचणाऱ्याला वाटेल. न्याय खरा करा. विधवा, अनाथ, परका आणि गरीब यांच्यावर जुलूम करू नका. एकमेकांचं वाईट मनात चिंतू नका. पुढच्याच अध्यायात तो सांगतो की हे उपासाचे दिवस कधीतरी आनंदाचे सण होतील. त्यासाठी सत्य आणि शांती यांच्यावर प्रेम करा.

बेथेलकरांचा तो प्रश्न आज पुन्हा जिवंत आहे, आणि या खेपेला त्याची धार जास्त आहे. १९४८ साली इस्रायल राष्ट्र झालं. जून १९६७ च्या युद्धात जेरुसलेमचं जुनं शहर इस्रायलच्या ताब्यात आलं. आज त्या शहराची वस्ती दहा लाखांच्या घरात आहे. ट्राम धावते, विद्यापीठ आहे, संसद आहे. तरीही दर वर्षी त्याच पाचव्या, म्हणजे अव महिन्याच्या नवमीला, म्हणजे तिशा बे-आवला, जगभरचे श्रद्धाळू ज्यू त्याच शहराच्या नाशासाठी जमिनीवर बसून रडतात. हा महिना चांद्र गणनेचा, त्यामुळे ही नवमी आपल्या आषाढ किंवा श्रावण शुद्ध नवमीच्या आसपासच येते. २०२५ साली ३ ऑगस्टला दोन्हीकडे नवमीच होती.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. उपास धरावा. पण ज्याच्या हाती काहीच नाही त्याचा उपास आणि ज्याच्या हाती फौज, विमानं आणि तुरुंग आहेत त्याचा उपास, हे एक नव्हेत. पहिल्याने हरवलेल्या गोष्टीसाठी रडावं. दुसऱ्याने ती कशामुळे हरवली याचा जाब स्वतःला विचारावा. आज इस्रायलमध्ये हा फरक पुसला जातो आहे, आणि ज्यांनी तो जपायचा त्यांच्यातलेच काही जण तो पुसत आहेत.

या दिवसाचे नियम कडक आहेत. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत, सुमारे पंचवीस तास, अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. आंघोळ नाही, अंगाला तेल नाही, पायात चामड्याची चप्पल नाही, पतिपत्नीचा संग नाही. ओळखीचा माणूस समोर आला तरी नमस्कार-चमत्कार करायचे नाहीत. धर्मग्रंथाचं वाचनही बंद, कारण त्या वाचनाने मनाला आनंद होतो. दुःखाचे भाग तेवढे वाचायचे. सिनेगॉगमधले, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातले, दिवे मंद करतात, पवित्र ग्रंथाच्या कपाटावरचा पडदा उतरवतात, आणि लोक जमिनीवर किंवा बुटक्या चौरंगावर बसून मेणबत्तीच्या उजेडात बायबलमधलं ‘विलापगीत’ वाचतात. ‘माणसांनी गजबजलेली नगरी कशी एकटी बसली आहे, विधवेसारखी,’ अशी त्याची सुरुवात. दुपारनंतर मात्र लोक खुर्चीवर बसू शकतात, सकाळी न बांधलेले तेफिलिन, म्हणजे हाताला आणि कपाळाला बांधायच्या धर्मवचनांच्या डब्या, आता बांधतात. दुःखाला वेळ ठरवून दिलेली आहे, आणि ते उतरायचीही.

ही शिस्त जुनी आहे. मंदिर दुसऱ्यांदा पडल्यावर, इसवी सन ७० नंतर, काही जणांनी मांस आणि मद्य कायमचं सोडलं. ज्या वेदीवर बळी चढत होता आणि द्राक्षारस ओतला जात होता, तीच राहिली नाही, मग आम्ही कसं खावं-प्यावं, असं त्यांचं म्हणणं. यहोशुआ नावाचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, त्यांना म्हणाले, मग भाकरीही सोडा, कारण धान्याचं अर्पणही थांबलं आहे. फळंही सोडा, पाणीही सोडा. ते गप्प झाल्यावर त्यांनी सांगितलं, की अजिबात शोक न करणं शक्य नाही आणि अति शोक करणंही शक्य नाही. घराला गिलावा करा, थोडी जागा तशीच ठेवा. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातला हा संवाद मला फार मोलाचा वाटतो. दुःखाला अख्खं घर द्यायचं नाही, पण भिंतीचा एक तुकडा त्याच्या नावावर ठेवायचा.

मिश्ना या ग्रंथाने या तारखेवर पाच संकटं मांडली आहेत: वाळवंटातल्या पिढीला वचनदत्त भूमीत पाऊल टाकू न देण्याचा निर्णय, पहिल्या मंदिराचा नाश, दुसऱ्या मंदिराचा नाश, बेतार शहराचा पाडाव, आणि जेरुसलेमवर नांगर फिरवला जाणं. सगळं अगदी एकाच तिथीला झालं असेल असं नाही. पहिल्या मंदिराबद्दल बायबलमध्येच एके ठिकाणी सप्तमी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दशमी, आणि तालमूदमधले रब्बी योहानान म्हणतात, मी त्या पिढीत असतो तर दशमीच धरली असती. तारखेचा नेमकेपणा कुणाला फार महत्त्वाचा नव्हता. एक दिवस ठरवून सगळी दुःखं तिथे आणून ठेवायची, हे महत्त्वाचं होतं.

पण या परंपरेची खरी ताकद दुःखाच्या यादीत नाही, ती कारणमीमांसेत आहे. दुसरं मंदिर जाळलं रोमनांनी, सेनापती टायटसच्या सैन्याने. लुटून नेलेला सात फांद्यांचा दीप रोममधल्या टायटसच्या कमानीवर आजही कोरलेला दिसतो. तालमूद मात्र विचारतं, मंदिर का पडलं? त्या पिढीतले लोक धर्मग्रंथ शिकत होते, आज्ञा पाळत होते, दानधर्म करत होते, मग का? उत्तर येतं: त्यांच्यात एकमेकांविषयी विनाकारण द्वेष होता, म्हणून. आणि हा द्वेष मूर्तिपूजा, व्यभिचार आणि खून या तिन्हींच्या बरोबरीचा आहे. रोमनांना कुणी निर्दोष ठरवलेलं नाही. पण ज्यांना रोमचं काहीच वाकडं करता येत नव्हतं, त्यांनी आपल्याला सुधारता येईल अशी एकच गोष्ट हेरली, ती म्हणजे आपण स्वतः.

यासाठी तालमूद जी गोष्ट सांगतं ती लहान मुलांनाही ठाऊक असते. जेरुसलेममधल्या एका माणसाचा कामत्सा नावाचा मित्र होता आणि बार कामत्सा नावाचा वैरी. मेजवानीला कामत्साला बोलवायचं, तर नोकराने बार कामत्साला आणलं. यजमानाने त्याला पाहिल्याबरोबर निघून जायला सांगितलं. तो म्हणाला, आता आलोच आहे तर राहू दे, माझ्या जेवणाचे पैसे देतो. नको. अर्ध्या मेजवानीचा खर्च देतो. नको. सगळ्या मेजवानीचा देतो. तरी नको, हाताला धरून त्याला बाहेर काढलं. अपमानाने पेटलेला बार कामत्सा रोमन दरबारात जाऊन चुगली करतो आणि विनाशाची चाकं फिरू लागतात.

या गोष्टीत दुष्ट कोण, तर यजमान, हे उघड आहे. बार कामत्साला मात्र सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. विद्वान रब्बी तिथे बसले होते, त्यांनी हे पाहिलं आणि कुणी एक शब्द बोललं नाही, म्हणजे त्यांना हे मान्यच होतं, असं तो म्हणतो. ही बाब आजच्या वादात फार महत्त्वाची आहे. कारण इस्रायलमध्ये ‘विनाकारण द्वेष’ हा शब्दप्रयोग आता विरोधकाचं तोंड बंद करायला वापरला जातो. जुलै २०२३ मध्ये न्यायालयाच्या अधिकारांना कात्री लावणारा कायदा संसदेने मंजूर केला, तो तिशा बे-आवच्या दोनतीन दिवस आधी. रस्त्यावर लाखो माणसं होती. तेव्हा सगळ्या बाजूंनी एकीची आवाहनं झाली, आणि द्वेष करणारा तो समोरचा, असं ज्याने त्याने गृहीत धरलं. पण कामत्साच्या गोष्टीत भांडणामुळे नाश होत नाही. पानावर बसलेले प्रतिष्ठित लोक अन्याय समोर घडताना गप्प राहिले, तिथून नाश सुरू होतो. सरकारला जाब विचारणाऱ्याला द्वेष्टा म्हणणं म्हणजे ही गोष्ट उलटी वाचणं आहे.

याच संदर्भात प्रार्थनेच्या शब्दांवरून झालेला वाद पाहण्यासारखा आहे. या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत ‘नाहेम’ नावाचा भाग म्हणतात. त्यात देवाला विनवलेलं असतं, की शोकग्रस्त, उद्ध्वस्त, तुच्छ लेखलेल्या, ओसाड पडलेल्या या नगरीचं सांत्वन कर. १९६७ नंतर काहींच्या जिभेवर हे शब्द अडखळू लागले. तेल अवीवचे मुख्य रब्बी हायिम डेव्हिड हालेवी म्हणाले, देवासमोर उभं राहून खोटं कसं बोलायचं? त्यांनी एवढीच दुरुस्ती सुचवली, की नगरी ओसाड ‘होती’ असं म्हणावं. रब्बी श्लोमो गोरेन यांनी वेगळा पाठ लिहिला. रब्बी ओवादिया योसेफ यांच्यासारख्या मोठ्या अधिकारी पुरुषांनी मात्र बदल नाकारला. पूर्वजांनी ठरवलेले शब्द हलवायचे नाहीत, आणि मंदिर नाही तोवर शहर उद्ध्वस्तच, असं त्या बाजूचं म्हणणं.

मी हालेवींच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण व्याकरणाचं नाही. भरल्या शहरात उभं राहून आपण उद्ध्वस्त आहोत असं जो रोज घोकतो, त्याला आपल्या हातून होणारा अन्याय दिसायचा बंद होतो. जो कायम पीडित, तो चुकूच शकत नाही, असं मनाने घेतलेलं असतं. ‘होती’ म्हटलं की माणूस पुढच्या प्रश्नावर येतो: तेव्हा का पडली, आणि आत्ता आपण काय करतो आहोत? तिशा बे-आवच्या आधीच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, यशयाचा पहिला अध्याय वाचतात. त्यात संदेष्टा आपल्याच राज्यकर्त्यांना ‘सदोमच्या अधिपतींनो’ अशी हाक मारतो. तुमचे हात रक्ताने भरले आहेत, तुमच्या प्रार्थना मी ऐकणार नाही, न्याय शोधा, अनाथाची बाजू घ्या, असं देव म्हणतो. वर्षानुवर्षं हा अध्याय वाचणाऱ्या समाजाला आत्मपरीक्षण बाहेरून शिकवायची गरज नाही. ते त्यांच्या घरातच आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. स्वतःला जाब विचारायचा म्हणता, मग १०९६ साली क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, जमावांनी जर्मनीतल्या वर्म्स आणि माइन्समध्ये कापून काढलेल्या ज्यूंचं काय? स्पेनमधून १४९२ साली हाकललेल्यांचं काय? हिटलरने मारलेल्या साठ लाखांचं काय? त्यांनीही स्वतःकडे बोट दाखवायचं? मुळीच नाही. गॅस चेंबरमध्ये गेलेल्या मुलाच्या मरणात त्याच्या समाजाचं पाप शोधणं हे क्रौर्य आहे. १९७७ साली पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांनी सुचवलं होतं, की शोआचा, म्हणजे हिटलरने केलेल्या ज्यूसंहाराचा, स्मृतिदिन वेगळा न ठेवता तिशा बे-आवमध्येच मिळवावा. सगळी दुःखं एका दिवशी आणायच्या जुन्या रीतीला ते धरून होतं. तरीही ते झालं नाही, हे चांगलं झालं. निसान महिन्याच्या २७ तारखेचा स्मृतिदिन संसदेने १९५१ साली ठरवला होता, तो वेगळाच राहिला. ज्यांच्या हाती काही नव्हतं त्यांचं स्मरण निखळ असावं, त्याला चौकशीचा सूर लागू नये. तिशा बे-आवचा सूर निराळा आहे, कारण त्याच्या मुळाशी एक राज्य आहे, त्याचे पुढारी आहेत, आणि त्यांनी घेतलेले निर्णय आहेत.

आता जरा आपल्या किनाऱ्याकडे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणत आले. रोश हशाना या नववर्षदिनाला नव्याचा सण, पुरीमला होळीचा सण, तसंच हे. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, खेड्यांत तेल गाळणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसं हजारो मैलांवरच्या शहरासाठी शोक करत आणि त्या शोकाचं अन्न वालाचं बिरडं असे, कारण या दिवसांत मांस वर्ज्य. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड काढायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांनी सोलायचा. ज्या स्वयंपाकाला दोनतीन दिवस आधी लागावं लागतं, त्यावरून दिवसाला नाव पडतं तेव्हा तो दिवस घरात किती मुरलेला असेल!

हीच माणसं १९४८ नंतर इस्रायलला गेली. आणि १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला, की बेने इस्रायल माणूस इतर ज्यूंशी लग्न करू इच्छित असेल तर त्याच्या घराण्याच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. म्हणजे तुम्ही खरे ज्यू आहात का, याचा पुरावा द्या. पिढ्यानपिढ्या जेरुसलेमसाठी उपास धरणाऱ्यांना जेरुसलेमने विचारलेला हा प्रश्न! १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. प्रकरण संसदेत गाजलं, लेवी एश्कोल यांच्या सरकारला त्यात पडावं लागलं, आणि आदेशातलं बेने इस्रायलांचं नाव अखेर वगळलं गेलं. विनाकारण द्वेष म्हणजे काय हे समजून घ्यायला रोमन काळापर्यंत जायची गरज नाही. आणि हेही लक्षात घ्यायला हवं, की तो अन्याय दूर झाला तो भांडल्यामुळे. एकी राखण्यासाठी ते गप्प बसले असते तर त्यांच्या मुलांच्या लग्नांची कागदपत्रं अजून तपासली गेली असती.

तिशा बे-आवला सध्या सगळ्यात मोठा धोका आहे तो त्याचा विजयदिन होण्याचा. मंदिराच्या जागी, म्हणजे मुसलमान जिला हरम अल-शरीफ म्हणतात त्या अल-अक्साच्या आवारात, ज्यूंनी भेट द्यावी पण प्रार्थना करू नये, अशी व्यवस्था १९६७ पासून चालत आली. पावित्र्याच्या नियमांमुळे मुख्य रब्बींनी तर ज्यूंना तिथे पाऊलही ठेवू नका असं बजावलं. ३ ऑगस्ट २०२५ ला, उपासाच्याच दिवशी, राष्ट्रीय सुरक्षामंत्री इतामार बेन-ग्वीर तिथे गेले, उघडपणे प्रार्थना केली, आणि गाझा पूर्ण जिंकण्याची भाषा बोलले. ज्या दिवशी नमस्कारही करायचा नसतो त्या दिवशी राजकीय घोषणा! माझ्या लेखी हा त्या दिवसाचा अवमान आहे, आणि तो परधर्मीयाने केलेला नाही.

त्याच आठवड्यात काय चाललं होतं? ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली आणि २५१ जणांना ओलीस नेलं होतं. त्यांपैकी दोघांच्या चित्रफिती उपासाच्या तोंडावर बाहेर आल्या. हाडांचे सापळे झालेले तरुण, एकाच्या हाती स्वतःचीच कबर खणायला दिलेलं फावडं. आणि २९ जुलैला, भुकेचं जागतिक मोजमाप करणाऱ्या आयपीसीने गाझात दुष्काळाची सर्वांत वाईट अवस्था प्रत्यक्षात येत असल्याचा इशारा दिला होता. पुढे २२ ऑगस्टला गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ असल्याचं जाहीर केलं. इस्रायल सरकारने हे निष्कर्ष नाकारले. विलापगीताच्या चौथ्या अध्यायात ओळ आहे: तान्ह्याची जीभ तहानेने टाळूला चिकटली आहे, लेकरं भाकरी मागतात आणि त्यांना कुणी मोडून देत नाही. त्या रात्री इस्रायलमधल्या आणि अमेरिकेतल्या काही ज्यूंनी ही ओळ गाझातल्या मुलांच्या नावानेही वाचली. त्यांना घरभेदी म्हटलं गेलं. मला मात्र वाटतं, पंचवीस तास रिकाम्या पोटी बसून ही ओळ वाचणाऱ्याने ओलीस तरुण आणि गाझातलं लेकरू यांच्यात निवड करायला नकार देणं, हेच त्या वाचनाचं सरळ फळ आहे.

तालमूदमध्ये जेरुसलेमच्या वेढ्याची हकीकत आहे. शहरात तीन श्रीमंत होते, त्यांच्या कोठारांत एकवीस वर्षं पुरेल एवढा साठा होता. रब्बी म्हणत होते, रोमनांशी तह करू. कडव्या लढवय्यांना ते नको होतं. लोकांना लढण्यावाचून पर्याय राहू नये म्हणून त्यांनी गव्हाची आणि जवाची कोठारं जाळली. इतिहासकार जोसीफसही धान्य जाळलं गेल्याचं लिहितो. मग भूक आली. मार्था नावाची शहरातली एक अतिश्रीमंत बाई नोकराला बारीक सपीठ आणायला पाठवते. तो परत येऊन सांगतो, बारीक संपलं, पांढरं पीठ आहे. ते आण, म्हणेपर्यंत तेही संपतं. मग जाडंभरडं, मग जवाचं. प्रत्येक फेरीला एक पायरी खाली. शेवटी ती अनवाणी बाहेर पडते आणि रस्त्यातच मरते. मरायच्या आधी ती आपलं सोनंनाणं बाजारात फेकून देते.

मे २०२४ मध्ये हेब्रोनजवळच्या तारकुमिया नाक्यावर काही इस्रायली तरुणांनी गाझाला निघालेले मदतीचे ट्रक अडवले, धान्याची पोती फाडली आणि अन्न रस्त्यावर फेकलं. जे घडलं त्याची चित्रं जगाने पाहिली. त्यानंतर दुसरे काही इस्रायली, ज्यू आणि अरब, त्याच नाक्यावर जाऊन ट्रकांच्या बाजूला उभे राहू लागले. पुढच्या गाड्या सुखरूप जाव्यात म्हणून ते शिव्या आणि धक्के खात उन्हात थांबत. त्यांच्यातले कितीतरी जण उपास धरत नसतील, सिनेगॉगमध्ये जात नसतील. तरी तिशा बे-आवला ज्या धान्यासाठी रडायचं असतं ते वाचवायला ते गेले होते, आणि मंदिराच्या जागी गेलेल्या मंत्र्यापेक्षा या दिवसावर त्यांचा हक्क अधिक आहे.